अकरा अक्षरांआड दडलेला शेजारी

आमच्या धर्मग्रामांतील मुलेमुली आता केवळ शेतावर, गवंडीकामावर किंवा शाळामास्तरकीत दिसतात असे राहिलेले नाही. बेळगाव, पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील संगणकाच्या कचेऱ्यांत त्यांपैकी कित्येकजण काम करीत आहेत. नाताळात किंवा गावच्या सणास ती घरी आली म्हणजे आईबाप कौतुकाने त्यांना कामाविषयी विचारतात, आणि उत्तर मिळते ते अक्षरांचे! वुकॅग, एरिया, व्हीपॅट, ए-अकरा-वाय. आईबाप मान डोलावतात, परंतु बोध काहीच होत नाही. मग रविवारी मिस्सा आटोपल्यावर तोच प्रश्न आमच्यापुढे येतो. "फादर, आमचा मुलगा म्हणतो, लोकांनी बनवलेल्या संकेतस्थळांत आंधळा मनुष्य कोठे अडखळेल ते शोधून काढणे हेच त्याचे काम. हे काय काम झाले? यासाठी का एवढे शिकवले?"

या सदरात आम्ही बहुधा घर, शेत, शिक्षण आणि श्रद्धा यांविषयी लिहितो. आजचा विषय त्यांहून दूरचा वाटेल, पण तो आपल्या उंबरठ्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो हे वाचकांच्या ध्यानी लवकरच येईल.

प्रथम त्या चमत्कारिक शब्दाकडे पाहू. दिव्यांग मनुष्यास एखादी इमारत, वाहन किंवा संकेतस्थळ स्वतःच्या बळावर वापरता यावे, या गुणास इंग्रजीत 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' असे म्हणतात. मराठीत त्यास 'सुगम्यता' हा शब्द रूढ होत आहे. इंग्रजी शब्दात तेरा अक्षरे आहेत. संगणकाचे कारागीर लांब शब्द लिहिण्यास कंटाळतात. म्हणून ते पहिले अक्षर 'ए' आणि शेवटचे अक्षर 'वाय' तेवढे ठेवतात, आणि मधली अकरा अक्षरे गाळून त्यांच्या जागी ११ हा आकडा घालतात. असा हा 'ए-११-वाय' शब्द तयार झाला. योगायोग असा की, ११ हा आकडा इंग्रजीतील 'एल' अक्षरांच्या जोडीसारखा दिसतो, आणि मग तो शब्द 'अ‍ॅलाय', म्हणजे साथीदार, असा वाचला जातो. आम्हांस मात्र त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. मधली अकरा अक्षरे नाहीशी झाली तरी शब्द पुरा आहे असेच वरवर पाहणारास वाटते. समाजातील अंध, बधिर आणि अपंग माणसांचेही असेच होते. ती नसली तरी सभा भरल्यासारखी दिसते.

आता अंध मनुष्य संगणक कसा वापरतो हे समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळांस ते अशक्यच वाटते. त्यासाठी 'स्क्रीन रीडर', म्हणजे पडदा वाचून दाखविणारा, असा एक कार्यक्रम असतो. पडद्यावरील मजकूर तो मोठ्याने वाचतो आणि अंध मनुष्य कळफलकाच्या कळा दाबून किंवा मोबाइलवर बोट फिरवून पुढेमागे जातो. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' नावाचा असा कार्यक्रम लिहिण्यास आरंभ केला. पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यास येऊन मिळाला. त्यांनी तो सर्वांस विनामूल्य दिला आणि तो आजही विनामूल्यच मिळतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'टॉकबॅक' नावाची अशीच सोय असते आणि ती मराठीही वाचते.

परंतु हा वाचणारा सेवक डोळ्यांनी पाहत नाही. पानाच्या रंगरूपामागे जी सांकेतिक भाषा लिहिलेली असते ती तो वाचतो. तीत ज्या वस्तूस नाव दिले नसेल, ती त्याच्या दृष्टीने अनाम असते. एखाद्या अर्जाच्या शेवटी हिरव्या रंगाचे सुबक बटण आहे, त्यावर बाणाचे चित्र आहे, पण कारागिराने त्यास नाव दिले नाही. तुम्हांआम्हांस ते दिसते. अंध मनुष्यास मात्र केवळ "बटण" एवढाच शब्द ऐकू येतो. ते दाबल्यावर अर्ज जाईल की भरलेला सर्व मजकूर पुसला जाईल, हे त्याने कसे ओळखावे? ज्या घराची दहाही दारे एकसारखी आहेत आणि एकावरही खूण नाही, त्या घरात रात्री दिव्यावाचून शिरल्यासारखी त्याची गत होते.

या अडचणीवर उपाय शोधण्याचे कार्य बरेच जुने आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत आजच्या 'वेब'ची कल्पना मांडली. १९९४ साली त्यांनी तिचे नियम ठरविण्यासाठी 'डब्ल्यू-थ्री-सी' हे मंडळ स्थापिले. १९९७ साली या मंडळाने दिव्यांगांच्या सोयीसाठी एक स्वतंत्र शाखा काढली आणि १९९९ च्या मे महिन्यात चौदा मार्गदर्शक सूत्रांची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जोडून झालेला शब्द म्हणजेच 'वुकॅग'. दुसरी आवृत्ती २००८ साली आली. तीत बारा सूत्रे आणि पडताळून पाहता येतील अशा एकसष्ट कसोट्या होत्या. २०१८ साली मोबाइलचा विचार करून कसोट्या अठ्ठ्याहत्तर झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ मधील आवृत्तीत त्या शहाऐंशी झाल्या. एक कालबाह्य कसोटी तेव्हा वगळण्यात आली.

शहाऐंशी हा आकडा ऐकून वाचकांनी घाबरू नये. सर्व कसोट्या चार तत्त्वांखाली येतात. त्या तत्त्वांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवली असता 'पोअर' असा शब्द होतो. मराठी कानास तो 'पोर' असा ऐकू येतो, तेव्हा लक्षात ठेवण्यास अवघड नाही.

पहिले तत्त्व असे की, मजकूर जाणवला पाहिजे. चित्रास शब्दांत वर्णन हवे, म्हणजे अंधास ते कळेल. चित्रफितीतील बोलणे खाली अक्षरांत हवे, म्हणजे बधिरास ते कळेल. अक्षरांचा रंग आणि पाठीमागचा रंग यांत पुरेसा फरक हवा. साधारण अक्षरांसाठी हे प्रमाण किमान साडेचारास एक असे ठरविलेले आहे. फिकट करड्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत छापलेली लग्नपत्रिका म्हातारीच्या हाती दिल्यास तिला काय वाचता येईल, एवढा विचार केला तरी हा नियम समजतो.

दुसरे तत्त्व असे की, ते चालवता आले पाहिजे. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्यास पडदा दिसत नाही, त्यास 'माऊस' उपयोगाचा नाही. म्हणून प्रत्येक काम कळफलकावरून होण्याजोगे असावे. वेळेचे बंधन असल्यास ते वाढवून घेण्याची सोय असावी. पडद्यावर काहीही एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लुकलुकू नये, कारण त्यायोगे फेफरे येण्याचा धोका असतो.

तिसरे तत्त्व असे की, ते समजले पाहिजे. अर्जात चूक झाल्यास चौकट नुसती लाल करून भागत नाही. कोठे चुकले आणि काय लिहावयास हवे होते, हे शब्दांनी सांगितले पाहिजे. पान कोणत्या भाषेत आहे हेही मागील सांकेतिक भाषेत नोंदवले पाहिजे. ते नोंदवले नाही तर वाचणारा सेवक मराठी मजकूर भलत्याच उच्चारांनी वाचू लागतो.

चौथे तत्त्व असे की, ते भक्कम असले पाहिजे. निरनिराळ्या यंत्रांवर आणि निरनिराळ्या वाचक कार्यक्रमांवर ते सारखेच चालावे.

या कसोट्यांच्या तीन पायऱ्या आहेत. एक 'ए', दोन 'ए' आणि तीन 'ए'. पहिली पायरी गाठल्यावाचून कित्येकांस आत पाऊलच टाकता येत नाही. कायदे आणि करार बहुधा दुसरी पायरी मागतात. 'व्हीपॅट' हा शब्द मतदानयंत्राच्या चिठ्ठीच्या नावासारखा भासतो खरा, पण त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपला माल या कसोट्यांपैकी कोणत्या पुऱ्या करतो आणि कोठे उणा पडतो, हे विक्रेत्याने लिहून द्यावयाचा तो नमुना होय. युरोपात यासंबंधीचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे आणि अमेरिकेतील कायदे त्याहून जुने आहेत. तेथील ग्राहकांची कामे बंगळूर-पुण्यास होतात. म्हणूनच आपल्या मुलांस अशा नोकऱ्या मिळतात.

राहिला 'एरिया' हा शब्द. एखाद्या गुंतागुंतीच्या पानावरील वस्तू काय आहे आणि तिची स्थिती काय आहे, हे वाचणाऱ्या सेवकास कळावे म्हणून कारागीर मागे ज्या चिठ्ठ्या लावतो, त्यांची ही पद्धती होय. २०१४ साली ती अधिकृत झाली. परंतु या पद्धतीच्या जाणकारांनीच बजावले आहे की, चुकीची चिठ्ठी लावण्यापेक्षा मुळीच न लावलेली बरी. कारण चिठ्ठीवर 'बटण' असे लिहिले म्हणून वस्तू बटणासारखी वागू लागत नाही. ती तशी वागेल याची तजवीज कारागिरानेच करावी लागते. अमेरिकेतील वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राद्वारे तपासते. ज्या पानांवर अशा चिठ्ठ्या आहेत, त्यांवर सरासरीने दोष अधिकच आढळले आहेत. कपाळावर नाव कोरून आतले आचरण बदलत नाही, हे आम्ही प्रवचनांतून सांगत आलो. संगणकाच्या जगातही तोच न्याय लागू पडावा याचे आम्हांस नवल वाटत नाही.

त्याच संस्थेच्या २०२५ च्या तपासणीत शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव मुखपृष्ठांवर यंत्रासही पकडता येतील असे दोष सापडले. सर्वांत अधिक आढळणारा दोष अगदी साधा होता. तो म्हणजे फिकट अक्षरे. नियम प्रसिद्ध होऊन पाव शतक लोटले आणि स्थिती अद्याप ही आहे. तेव्हा मुलगा काय काम करतो असे विचारणाऱ्या आईबापांस आमचे उत्तर असे की, ज्या दारातून शेकडो लोक सुखाने आत जात आहेत, त्या दाराबाहेर कोण उभे राहिले आहे ते पाहण्यासाठी मागे वळणे, हे त्याचे काम आहे. त्यात कमीपणा मानण्याजोगे काहीही नाही. पुष्कळांस तो मागे वळून पाहतो याचाच राग येत असेल, कारण त्यायोगे कामास विलंब लागतो. अशा वेळी घरच्या माणसांनी तरी त्यास धीर द्यावा.

आता हा प्रश्न आपल्या देशात किती गंभीर आहे ते पाहा. २०११ च्या जनगणनेत भारतात दोन कोटी अडुसष्ट लक्ष दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा केला. त्याखालील नियमांत सुगम्यतेचे मानदंड होते, परंतु ते पाळणे जणू ऐच्छिक आहे असा त्यांचा अर्थ लागत होता. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले, आणि काही मानदंड सक्तीचे असलेच पाहिजेत असे सरकारास सांगितले.

पुढील वर्षी आणखी एक निकाल झाला. त्यातील हकिकत वाचून आमचे मन व्यथित झाले. आम्लहल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेली एक भगिनी बँकेत खाते उघडण्यास गेली. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी तिने कॅमेऱ्यापुढे पापण्यांची उघडझाप करावी असे तिला सांगण्यात आले. दुर्जनाने जे तिच्यापासून हिरावून नेले होते, तेच यंत्राने तिच्याजवळ पुरावा म्हणून मागितले. यंत्रास दुष्टबुद्धी नव्हती, आणि ते बनविणाऱ्यासही नसावी. अशी माणसे जगात आहेत, एवढेच त्याच्या ध्यानात आले नव्हते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या भगिनीच्या आणि एका अंध गृहस्थांच्या याचिकांवर निकाल दिला. अशा सेवा दिव्यांगांस वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. सरकार आणि वित्तसंस्था यांना न्यायालयाने वीस आदेशही दिले.

शहरातील न्यायालयाच्या या निकालाचा आपल्या खेड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. रेशन, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, बँक, रुग्णालयाचा क्रमांक, सारे आता पडद्याच्या दारातून मिळते. मोतीबिंदू झालेले आजोबा, हाताची बोटे वाकलेली आजी, उन्हात शेताच्या बांधावर उभा राहून मोबाइलचा पडदा डोळ्यांजवळ नेणारा शेतकरी, या सर्वांस त्या दाराशी अडखळावे लागते. त्यांपैकी कित्येकजण स्वतःस अपंग म्हणवीत नाहीत. "आमचे शिक्षण नाही, आम्हांस हे जमत नाही" असे म्हणून ते दोष आपल्या माथी घेतात, आणि मग आपला गुप्त आकडा आणि ओटीपी परक्याच्या हाती देतात. पुष्कळदा दोष त्यांचा नसतो, दाराचा असतो. हे त्यांना कोणी तरी सांगावयास पाहिजे.

शिवाय काही दारे आपणही बांधीत असतो. धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मिस्सेची वेळ, नोव्हेनाचा कार्यक्रम, मृत्यूची वार्ता ही बहुधा फुलांच्या वेलबुट्टीत सजवलेल्या चित्राच्या रूपाने धाडली जाते. चित्र सुंदर असते. परंतु वाचून दाखविणारा मोबाइल त्यातील अक्षरे सहसा वाचीत नाही. आपल्या शेजाऱ्याचे दफन किती वाजता आहे, हे गावातील अंध मनुष्यास कळतच नाही. मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड या सार्वत्रिक पद्धतीपूर्वीच्या टंकांत लिहिलेला मजकूर छापल्यावर स्वच्छ मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग असतो. अशा टंकातील प्रार्थना अंध श्रद्धावंतास ऐकू येते ती खुळखुळ्यासारखी.

मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात, अंधाच्या वाटेवर अडथळा ठेवण्यास मनाई केली आहे आणि तेथेच देवाच्या भयाचे स्मरण करून दिले आहे. याचे कारण उघड आहे. दगड कोणी ठेवला हे अंधास दिसत नाही, परंतु देवास ते दिसते. आजचा दगड रस्त्यावर नसून पडद्यावर आहे, एवढाच फरक.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्याची कथा आपण सर्व जाणतो. चौघांनी त्यास उचलून आणले, दाराशी गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडून त्यास प्रभूसमोर खाली सोडले. त्या चौघांच्या श्रद्धेची आपण स्तुती करतो आणि ती योग्यच आहे. पण दार कोणी अडवले होते? ती माणसे दुष्ट नव्हती. प्रभूचे वचन ऐकण्यास आलेली ती भाविक माणसे होती. त्यांचे तोंड येशूकडे होते आणि म्हणूनच पाठ दाराकडे होती. मनात वाईट नसूनही आपण दुसऱ्याची वाट अडवू शकतो, हा या कथेतील बोध आम्हांस फार मोलाचा वाटतो. छप्पर फोडण्याचे धाडस सर्वांस झेपणार नाही. थोडे बाजूस सरून वाट देणे मात्र प्रत्येकास शक्य आहे.

येथे लुई ब्रेलचे स्मरण होते. फ्रान्समधील कूव्रे गावच्या एका खोगीर बनविणाऱ्याचा हा मुलगा बालपणीच अंध झाला. पुढे तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. शार्ल बार्बिए नावाच्या अधिकाऱ्याने अंधारात बोटांनी वाचण्यासाठी बारा उठावदार ठिपक्यांची लिपी योजिली होती. बोटाच्या एका स्पर्शात बारा ठिपके मावत नाहीत, हे ब्रेलने स्वतःच्या बोटाने जाणले. म्हणून त्याने ते सहावर आणले आणि १८२९ साली आपली लिपी प्रसिद्ध केली. डोळसाने उपकारबुद्धीने केलेली वस्तू अंधाच्या हाती गेली, तेव्हाच ती उपयोगी झाली. वुकॅगच्या शहाऐंशी कसोट्यांच्याही पलीकडचा हा नियम आहे. ज्याच्यासाठी करावयाचे त्यास आधी विचारावे.

तेव्हा आमची वाचक कुटुंबांस विनंती अशी. गटावर सूचना धाडताना चित्राखाली तीच माहिती साध्या मराठीत टंकून लिहावी. त्यास दोन मिनिटे लागतात. नुसते "खालील चित्र पाहा" असे लिहू नये. पत्रक छापताना पांढऱ्या कागदावर ठळक काळी अक्षरे घ्यावीत. भक्तिगीताची चित्रफीत केल्यास शब्द खाली द्यावेत. घरातील वृद्धांच्या मोबाइलवरील अक्षरे मोठी करून द्यावीत आणि ज्यांस दिसत नाही त्यांस टॉकबॅक शिकवावे. नाताळच्या सुट्टीत घरी येणाऱ्या मुलांनी एक संध्याकाळ या कामास द्यावी. हे सारे करण्यापूर्वी आपल्या वाड्यातील ज्यास दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे आणि त्यास काय अडते ते विचारावे. तो जे सांगेल ते आमच्याकडे लिहून पाठवावे. पुढील सदरांतून त्याचा विचार आम्ही अवश्य करू.